ओरानहून आलेली संत्री

पॅरिस,
शुक्रवार, २ फेब्रुवारी १९६२

प्रिय गास्तों,

तू, इव्हॉन आणि मुली खुशाल असाल असं धरून लिहिते. ओरानच्या, सगळ्या अल्जीरियाच्याच बातम्या ऐकून जीव थाऱ्यावर राहत नाही. औषधाचं दुकान उघडतोस की बंदच असतं? इथे थंडी कडक आहे, कोळसा पुरत नाही, माझा गुडघा नेहमीसारखा कुरकुरतो. तू पाठवलेली संत्री मिळाली. गोड होती. क्लोतिल्दने एका बैठकीत चार खाल्ली आणि सालं टाइपरायटरशेजारी तशीच टाकली. आपली थोरली बहीण चोपन्न वर्षांची झाली, पण सवय तीच.

ती बरी आहे. हे आधी सांगते, कारण तू विचारलेलं नाहीस.

वर्तमानपत्रात वाचलं असशील. गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी आमच्या दाराबाहेर स्फोट झाला. दार आत येऊन पडलं, स्वयंपाकघराची भिंत फाटली. तिच्या नव्या कादंबरीची पानं जिन्यातून थेट रस्त्यावर गेली. शेजारीपाजारी ती गोळा करून आणून देत होते. कोपऱ्यावरचा खाटीक म्हणाला, "हे पान तेवढं मी वाचलं. बाई, नवऱ्याला सोडून जाते ती परत येते का हो?" क्लोतिल्द म्हणाली, "अजून ठरलं नाही." आणि हसली. मला हसू आलं नाही.

त्या वेळी ती घरात नव्हती. एरवी दहापर्यंत घरीच लिहिते, पण त्या दिवशी शेगडी विझलेली होती म्हणून कॅफेत जाऊन बसली होती. मी पाव आणायला गेले होते. जिन्यात सापडल्या त्या मादाम पोकार. आमच्या इमारतीची देखरेख करतात, जिना झाडत होत्या. उजवा डोळा गेला.

आपलं लष्कर अल्जीरियात करतं त्या छळाविरुद्धच्या पत्रकावर क्लोतिल्दने सही केली तेव्हा तू लिहिलं होतंस की तिने घराण्याचं नाव मातीत घातलं. तिचं एकही पुस्तक तू पुरतं वाचलेलं नाहीस. मीही तत्त्वज्ञानाची कुठे वाचलीत? पण कादंबऱ्या वाचल्यात. जर्मन पॅरिसात होते तेव्हा तिची शाळेतली नोकरी गेली आणि तिने पहिली कादंबरी लिहिली. तीत आईने स्वतःला ओळखलं आणि दोन वर्षं अबोला धरला. तेव्हापासून ती एकच गोष्ट फिरवून फिरवून लिहीत आली आहे : गप्प बसलेला माणूस बाजूला उभा नसतो, कुणाच्या तरी पाठीशी उभा असतो. मला ते पुस्तकी वाटायचं.

त्याच दुपारी पोलिसांनी इदीरला नेलं. तुला तो आठवणार नाही. काबिलीच्या डोंगरातला अल्जीरियन पोरगा, इथे तत्त्वज्ञान शिकतो आणि तिचं टाइपिंग करतो. शरद ऋतूत 'अल्जीरिया फ्रान्सचाच' म्हणणाऱ्यांच्या धमक्या वाढल्या म्हणून आम्ही गुपचूप घर बदललं. नवा पत्ता आम्हा दोघींशिवाय त्याला ठाऊक होता.

अधिकारी मला म्हणाला, "बाई, पत्ता कुणीतरी दिलाच ना? तुमच्या बहिणीने स्वतः तर दिला नसेल."

मीही इदीरकडेच पाहत होते. स्फोटानंतर तो एक शब्द बोलला नव्हता. काचा वेचत राहिला होता. रडला असता, घाबरला असता, तर बरं वाटलं असतं. क्लोतिल्दला मी तसं म्हटलं.

"तुझा संशय त्याच्या नावावर आहे, ओर्तांस," ती म्हणाली. "त्याने काय केलं ते सांग."

"मग दुसरं कोण?"

"ते तू मला सांगशील, असं मला वाटतंय."

तिने एवढंच म्हटलं आणि कोट चढवून पोलीस ठाण्यावर जाऊन बसली. रोज जायची. त्याला भेटू देत नव्हते.

शनिवारी मी मादाम पोकारना भेटायला इस्पितळात गेले. डोक्याला पट्ट्या, पण जीभ शाबूत. म्हणाल्या, "बाई, त्या दिवशी संत्रीवाले साहेब आले होते, तुम्ही भेटलात का?"

"कोण साहेब?"

"उंटाच्या रंगाचा कोट. मागे पेटी घेऊन आले होते ते. त्या दिवशी हातात पिशवी होती. मी म्हटलं, आज पण संत्री वाटतं? नुसते हसले. पोलिसांना सांगू का?"

मी म्हटलं, "विश्रांती घ्या." इदीर कोठडीत होता आणि मी म्हटलं विश्रांती घ्या.

गास्तों, तुझे ते मित्र, मस्यू साल्व्हा. संत्र्यांची पेटी घेऊन आले तेव्हा दार मीच उघडलं होतं. किती गोड बोलत होते. तुझ्या मुलींचं कौतुक केलं, माझी कॉफी दोनदा घेतली. जाताना म्हणाले, "मादाम क्लोतिल्दना भेटायचं राहिलं. सकाळी असतात का?" मी सांगितलं, दहापर्यंत हमखास. आणि नवा पत्ता तुला मीच कळवला होता. भावाला आपल्या बहिणी कुठे राहतात ते माहीत नसावं, हे मला पटत नव्हतं.

बुधवारपर्यंत मी हे कुणाला सांगितलं नाही. मग क्लोतिल्दला सगळं सांगितलं. तिने सिगारेट पेटवली.

"त्याला कदाचित माहीत नसेल," ती म्हणाली. "संत्री पाठवतोय एवढंच त्याला वाटलं असेल."

"तुला तसं वाटतं?"

"मला तसं वाटायला हवं आहे. ते वेगळं."

"मी काय करू?"

"मी थोरली आहे म्हणून माझ्यावर टाकू नकोस. इदीर आत आहे आणि गास्तों आपला भाऊ आहे. दोन्ही खरं आहे."

काल सकाळी मादाम पोकारना हाताला धरून मी चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांकडे नेलं. त्यांनी कोट आणि पिशवी सांगितली. मी साल्व्हांचं नाव सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, "हा माणूस तुमच्या घरापर्यंत पोहोचला कसा?" मी म्हटलं, "माझ्या भावाकडून." आणि तुझं पूर्ण नाव, दुकानाचा पत्ता लिहून दिला.

इदीर आज सुटला. ओठ फाटलाय. हात धुतले, टाइपरायटरपुढे बसला आणि क्लोतिल्दला विचारलं, "आपण कुठल्या पानावर होतो?" मी त्याच्यापुढे सूप ठेवलं. "आभारी आहे, मादमोआझेल," म्हणाला. पूर्वी मला ओर्तांस म्हणायचा.

तुझ्याकडे लवकरच कुणीतरी येईल. ते दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुला माहीत होतं की नव्हतं, हे मी विचारत नाही. पण बातमी ओरानच्या पेपरात नक्कीच आली असणार. दहा दिवस झाले. माझ्या साध्या पडशालासुद्धा तू तार करणारा माणूस. रोज मी पोस्टमनची वाट पाहिली. तार आली नाही.

काही लिहायचं झालं तर क्लोतिल्दच्या नावाने लिही. तुझ्यावर विश्वास ठेवायची तिची अजून तयारी आहे. माझी नाही.

मुलींना पापे. त्यांना यातलं काही सांगू नकोस.

जिने तुझं नाव दिलं ती तुझी बहीण,
ओर्तांस