धुऱ्यावरची पऱ्हाटी

माय,

आज अकोल्याच्या प्रयोगशाळेत पऱ्हाटीची पानं वाटून रस तपासत होते आणि तू आठवलीस. इतकी, की हातातलं काम टाकून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. बाबांनी अमरावतीहून लांब धाग्याच्या कपाशीचं नवं बी आणलं आणि सगळ्या वावरात तेच पेरलं. तू मात्र हट्टानं वावराच्या कडेला, धुऱ्याला, घरच्या जुन्या बियांची एक ओळ टोबलीस. मग तुडतुडे आले. पानाच्या पाठीला बसून रस पिणारे ते हिरवे किडे, हात लावला की तिरपे पळणारे. नव्या पऱ्हाटीची पानं मुडपली, कडा लाल झाल्या, बोंडं धरलीच नाहीत. सगळं उपटून हरभरा टाकू म्हणत बाबांनी बैल जुंपले. ते धुऱ्याशी पोचले तर तू आडवी उभी.

"हे नका उपटू. पुढच्या पेरणीले बी कुठून येईन?"

सगळ्या गावानं नवंच बी पेरलं होतं. जुनं आता त्या एका ओळीतच उरलं होतं. बाबांनी बैल वळवले.

त्या ओळीत पहिलं बोंड फुटलं तशी तू सीतामायच्या नावानं सीतादहीची पूजा मांडलीस. पाच खडे, दहीभात. मी सवयीनं एक पान चावलं तर तोंड असं ओढून आलं! हीच झाडं कावून वाचली, असं तुला विचारलं.

"मागच्या साली इथंच दहीभात ठेवला होता. सीतामायनं राखली."

तुझ्या मनात शंकेला जागाच नाही!

तो तुरटपणा काय होता ते मला आता कळतं. किडा सोंड खुपसतो आणि जागचं हलताही न येणारं झाड आपल्या रसात तुरट द्रव्यं वाढवतं. पुढचा घोट किड्याला नकोसा होतो. ना डोळे, ना जीभ, तरी कोणी आपल्याला पितंय हे त्याला उमगतं. बाई गं! इतकी वर्षं हेच बघते, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

खरं तर तुझी सीतामाय खोडून काढायलाच हे लिहायला बसले होते. पण आमच्या प्लॉटवर तुझ्याच बियांची ओळ आहे आणि परवा तिथं पहिलं बोंड फुटलं. डब्यातला दहीभात मी त्या झाडाच्या बुडाशी ठेवला. शिपायानं पाहिलं, तेव्हा म्हटलं, डबा सांडला.