मुकादमाचं सँडविच

६ जानेवारी

अठराला वर्षश्राद्ध. अंजली वही-पेन घेऊन बसली. आमची सून — यादी केल्याबिगर तिला पाणी पचत न्हाई. "मामी, मामांच्या आवडीचं काय काय ठेवायचं पानात?"

म्हणलं, "माझ्या शिव्या. पोटभर खायचे."

ती हसली न्हाई. पेन तसंच धरून बसली. पोरगी गुणाची हाय, पण मस्करी कळत न्हाई. मग माझ्याच तोंडातून निघून गेलं — टर्कीचं सँडविच!

तिनं लिहून घेतलं. आता बसा बोंबलत.

७ जानेवारी

नामाजी.

घेतलं नाव! चाळीस वर्षं उखाण्याबिगर घेतलं न्हाई. ही खताच्या दुकानाची फुकटची डायरी, इथं कोण ऐकून राहिलंय?

तर हे नामाजीराव आठ वर्षं कुवेतला व्हते. अमेरिकन लोकांच्या कॅम्पवर मुकादम! हाताखाली चाळीस माणसं. इकडं माझ्या हाताखाली साठ मेंढरं, एक लेकरू आन् एक सासू — आन् सासू मेंढरापरीस जड. परत आले ते एक मोठी बॅग, एक काळा गॉगल आन् एकच गोष्ट घेऊन. गरम टर्की-चीज सँडविच. "पाव असा कुरकुरीत, सिंधे! आतलं चीज असं ताणत जातं! तव्यावरून उतरवलं की लगेच खायचं, थंड झालं की मजा गेली."

बारा वर्षं ऐकलं हे कीर्तन. मी चुलीपुढं भाकर थापून राहिले, धुरानं डोळे फुटून राहिले, आन् हे पाटावर बसून चीज ताणून राहिले. स्वतः उठून कधी पाण्याचा तांब्या भरून घेतला न्हाई. कसा घेतील? मुकादम ना!

८ जानेवारी

हे मी कोणापाशी बोलले न्हाई. शिवहारपाशी पण न्हाई, पोटचं पोरगं असून.

गेल्या साली त्या दिवशी सकाळी ते पाव घेऊन आले. आदल्या दिवशी हिंगोलीला गेले व्हते, तिथून चीज आणलेलं. ओट्यावर मांडलं सगळं आन् दात काढत म्हणले, "सिंधे, आज —" मी पुढं बोलूच दिलं न्हाई. गोठ्यात शेळी अडलेली, माझे हात कोपरापर्यंत भरलेले, करडू अर्धं बाहेर, आन् ह्यांना सँडविच सुचून राहिलं! म्हणलं, "मी तुमच्या गोऱ्या सायबाची बटकी न्हाई. आता मेल्यावरच घालीन पानात!"

टोपी घातली आन् बाळापूरच्या बाजाराला निघून गेले. बाराच्या सुमाराला माणूस सांगत आला. भाजीच्या दुकानापुढं उभ्या उभ्या खाली बसले म्हणे, परत उठलेच न्हाईत.

दहाव्याला कावळा शिवला न्हाई. पुरणपोळी ठेवली, बिडी ठेवली, पानतंबाखू ठेवला. दीड तास! शिवहार रडत म्हणला, "बाबा, आईला सांभाळीन." संतराम भाऊजींनी हात जोडून सांगितलं, "दादा, बांधाचं भांडण मिटवतो." (न्हाई मिटवलं अजून. मेलेल्या भावाला थाप!) कावळे बाभळीवर बसून तमाशा बघून राहिलेले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. लोक म्हणले, काहीतरी मनात राहिलं माणसाच्या.

काय राहिलं ते मला ठाऊक व्हतं ना. चाळीस वर्षांचा संसार आन् माझा शेवटचा शब्द असला. तेवढंच एक कळावं मला — रागात गेले का? बाकी काही नको.

९ जानेवारी

अंजलीनं मोबाईलात टर्की दाखवली. पक्षी असतो. मी इतके दिवस डुकराचा प्रकार समजून राहिले व्हते! टक्कल, लाल तोंड, गळ्याखाली लोंबतं कातडं, आन् चाल अशी की गाव ह्याच्या बापाचं.

म्हणलं, "अगं, हे तर संतराम भाऊजी!"

आता हसली. इतकी हसली की मोबाईल पडला.

११ जानेवारी

खरे संतराम भाऊजी आले. बातमी कोणी पोचवली काय माहीत. "वर्षश्राद्धाला मांसमच्छी? वहिनी, आपल्यात गोडाचं पान असतं. अन् तो पक्षी आपल्यात कोणी खात न्हाई."

म्हणलं, "भाऊजी, आपल्यात लोकांचा बांध पण खातात. कोणी नाव ठेवलं का?"

चहा अर्धा ठेवून उठले. पण शिवहार मवाळ, बापावर गेला. त्यानं मधला रस्ता काढला — अठराला गोड, एकोणीसला घरच्या घरी तिखटाचं पान, गच्चीवर. मला चालतं. दिवस कोणता का असंना, पान गेलं पाहिजे.

१३ जानेवारी

टर्की आली! पुसेगावकडं एकानं पाळल्यात. शिवहारनं मोटरसायकलवर पोत्यात घालून आणली, मुंडकं तेवढं बाहेर. वाटेत तीन ठिकाणी लोकांनी अडवलं — मोर धरला का म्हणून. एका म्हाताऱ्यानं पाया पडून घेतलं म्हणे.

अंगणात सोडली तर पहिलं आमच्या एडक्याला हाणलं. दोन वर्षांचा एडका, कुत्र्याला भीत न्हाई, तो दावणीमागं जाऊन लपला! मग अंजलीच्या मागं लागली. ती बाजेवर चढून वरडून राहिली, "मामी, हे परत करा!" छाती काढून दिवसभर नुसती येरझारा, काम काही न्हाई, वरून गुळगुळ गुळगुळ बडबड.

नाव ठेवलं मुकादम.

१४ जानेवारी

संक्रांत. मला कोणी वाण दिलं न्हाई, रीतच हाय. अंजलीनं गुपचूप हातावर तिळगूळ ठेवला. "मामी, गोड बोला."

जमणार न्हाई म्हणलं. पण खाल्ला.

१६ जानेवारी

आज नुसत्या पाव-चीजवर हात बसवायला घेतलं. अंजली शाळेत शिकवायला गेलेली, म्हणून एकटीनंच. लोणी लावलं, पावात चीजची पाकळी ठेवली, तवा तापवला, वरून दुसरा तवा आन् त्याच्यावर खलबत्ता. थोड्या वेळानं उचलून बघितलं तर व्हय हो — ताणत जातंय! हातभर ताणलं, तुटंना. मनात म्हणलं, बराबर सांगत व्हते माणूस.

मग वास आला.

पाकळीला वरून कागद असतो प्लास्टिकचा! तो काढायचा असतो म्हणे. कोणी सांगावं? अख्खं घर टायर जाळल्यावानी. शिवहार शेतातून पळत आला, त्याला वाटलं मोटर जळली. तवा घासून घासून हाताची सालं निघाली.

आन् तरी हसू येऊन राहिलं मला. ह्यांना सांगायला पाहिजे व्हतं. लई हसले असते. त्यांच्याच गोष्टी त्यांनाच सांगायची सवय, आता कोणाला सांगू?

१८ जानेवारी

गोडाचं पान झालं. साठ माणूस जेवलं. कावळ्यांनी पाच मिनिटात पान साफ केलं. पण पुरणपोळी काय, कोणी पण खातं. त्याच्यातून काही कळत न्हाई.

१९ जानेवारी

सकाळी शिवहारनं मुकादम कापला. मी शेकड्यानं मेंढरं वाढवली, बाजारात विकली, सणाला घरात कापली, कधी काही वाटलं न्हाई. आज तोंड फिरवून उभी राहिले. आठवड्यात लळा लागतो का असल्या भांडखोराचा? लागतो. मला तर अनुभवच हाय.

मांस अंगणातल्या चुलीवर उकडलं. मीठ आन् मिरे, बस्स! हळद न्हाई, मसाला न्हाई. आजाऱ्याचं जेवण. अंजलीनं छातीचा तुकडा पातळ पातळ कापला, चीजचा कागद दोनदा तपासून काढला. पाव, लोणी, चीज, मांस, पुन्हा चीज. तवा, खलबत्ता. ह्या बारीला जमलं बाई — कडा सोनेरी, आतून पांढरं-पिवळं ओघळून राहिलेलं. बाजूला भाकर आन् लसणाची चटणी ठेवली, आपलं पण काही पाहिजे ना.

पान घेऊन गच्चीवर गेले. शिवहारला, अंजलीला खालीच थांबवलं. हात जोडले. म्हणलं, "घ्या. पानात घालीन म्हणले व्हते, घातलं. आता सोडा राग. मी त्या वक्ताला घाईत व्हते, करडू अडकलं व्हतं, तुमाला दिसलं न्हाई का? एवढ्यावरून जायचं असतं का?"

एक कावळा आला. पानाभोवती फिरला. सँडविचपाशी मान वाकडी करून बघितलं. भाकरीचा तुकडा उचलला, चटणीत बुडवल्यावानी केला आन् गेला उडून! मग दुसरा आला, त्यानं पण भाकरच. सँडविच थंड पडलं. चीज गोठून कातडं झालं. दुपारपर्यंत बसले उन्हात. डोकं तापलं माझं. वर बघून वरडले, "काय पाहिजे मग तुमाला? सांगा ना! बारा वर्षं डोकं खाल्लं, आता काहून खाऊन राहिले न्हाई?"

खाली सगळ्यांनी खाल्लं. अंजलीनं तीन. शिवहार म्हणला, "आई, तू पण घे." मला तोंडात घालवलं न्हाई. उरलेलं मांस फ्रीजात ठेवलंय.

रागातच गेले. ठरलं.

२० जानेवारी

बाबूसिंग आला. तिकडं सेनगावकडच्या तांड्यावरचा, कुवेतला ह्यांच्या खोलीत राहायचा, अजून तिथंच हाय. सुट्टीवर उतरला तसा हार घेऊन फोटोला आला. मी टर्कीचं सगळं सांगितलं. आधी हसला, मग रुमाल काढला.

"कसला मुकादम, वहिनी? भाऊ भटारखान्यात व्हता. तेच सँडविच करायचा. रोज चारशे. डोक्याला जाळीची टोपी, हातात मोजे. गावात सांगायची लाज वाटायची, गडी माणूस चुलीपुढं म्हणून. त्या दिवशी बाजारातून फोन लावला मला. म्हणला, 'बाबू, पाव-चीज आणून ठेवलंय. टर्की न्हाई, कोंबडीवर भागवतो. आज माझ्या हातानं करून घालतो तिला, आन् सांगून टाकतो खरं. सकाळीच सांगणार व्हतो, पण लई शिव्या घातल्या रे, बोलूच देईना!' हसून हसून ठसका लागला व्हता त्याला."

हसून राहिले व्हते का? मी तीनदा विचारलं. तीनदा व्हय म्हणला.

तो गेल्यावर फ्रीजातलं काढून एक केलं. तव्यापाशी उभ्या उभ्या खाल्लं, गरम, जीभ पोळली. मग खाली बसून रडले. वर्षात पहिल्यांदा.

रडून झाल्यावर दुसरं केलं.