पिशवी खांद्याला लावली की

ताई,

"धाकटी आहे ना घरी, ती बघेल," असं लहानपणी आई आतल्या खोलीतून म्हणायची. तुम्ही दोघं प्रवासाला निघालात आणि तुमचा म्हातारबा कुत्रा माझ्या गळ्यात घातलात, तेव्हापासून तोच आवाज कानात घुमतोय.

गालिचा धुऊन गॅलरीत वाळत घातलाय. आधी मी फिनेल फासलं, ते चुकलंच. त्या वासावर कुत्रोबा पुन्हा तिथंच मुतले. आता झालं तर जुन्या फडक्यानं टिपून घे, मग व्हिनेगरच्या पाण्यानं पूस. भाऊजींना ओरडू देऊ नकोस. त्यांचा आवाज चढला की हा उभ्या उभ्याच सोडतो.

आणि हे म्हातारपण नाही गं. मी पिशवी खांद्याला लावली की तो डोळ्यांनीच माझा पदर धरतो, आणि पुढच्या क्षणी गालिचा ओला. मग मी पिशवी टाकून फडकं घेते. असं करता करता माझं बाहेर पडणंच बंद झालं. भाजीसुद्धा शेजारच्या काकू आणून देत होत्या.

आज पिशवी आधीच जिन्यात नेऊन ठेवली. म्हातारबा उन्हात झोपलाय, तुम्ही येईपर्यंत काकू त्याच्यापाशी बसतील.

फोनवर तुला "सगळं ठीक" म्हणत राहिले. संसार मोडून आले तेव्हा तू दार उघडलंस, म्हणून जीभ रेटत नव्हती. ताई, मला दुसऱ्या गावी नोकरी लागलीय. मी तुझ्याकडे परत राहायला येणार नाही.

धाकटी