प्लेटच्या तळाला अंगठा

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी तुमच्यावर रुसलेलीच आहे. तुमच्या प्रयोगशाळेत पेशी मोजायला आम्ही दोघीच शिकलो, ती आणि मी. औषध घातलेल्या पेशींवर निळा रंग सोडायचा. मेलेली पेशी रंग पिते, जिवंत पीत नाही. माझी मोजणी बरोबर यायची, तिची दहादा चुकायची. तरी ती हैदराबादला निघाली तेव्हा तुमचा मोजणीचा काउंटर तुम्ही तिच्या हातात ठेवलात आणि मला कपाटाच्या चाव्या दिल्यात. मी तोंड पाडलं तर म्हणालात, "काऊन रुसून राहिली वो? तू तं इथंच आहे ना." इथंच आहे, सर. रोज कुडव्याहून स्कूटीवर येते आणि तेच कपाट उघडते.

मागच्या आठवड्यात ती मशीन घेऊन आली. धानावर फवारायचं औषध माशांच्या पेशींना किती बाधतं, ते मशीनसाठी पैसे देणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचं होतं. त्यांना पटलं तर मशीन गोंदियातच राहणार होतं, आणि तीही. शहाण्णव खळग्यांची प्लेट आत सरकवली की मशीन खालून फोटो काढतं आणि पेशी मोजतं. नुसत्या मेलेल्या नाहीत, ज्यांचा गाभा आक्रसायला लागलाय त्याही. पाहुणे यायच्या दिवशी सकाळच्या तालमीत मी 'सगळ्या जिवंत' लिहिलेल्या खळग्यांत निम्म्या आजारी निघाल्या. पडद्याजवळ जाऊन पाहिलं, खरंच होतं. माझ्या पोटात दुखलं, सरळच सांगते. मी इतकी वर्षं डोळे फोडले आणि ही बया चहा पिता पिता माझ्या पुढे गेली.

प्लेट कडेनं धरायची, तळाला बोट लावायचं नाही. एकदा माझं बोट लागलं तर तुम्ही सगळ्यांदेखत प्लेट फेकून दिली होती. त्या दुपारी मी हातमोजा काढते, तेल लावलेल्या केसांतून अंगठा फिरवते आणि प्लेटच्या तळाला टेकवते. नीट दाबून. तिनं माझ्यावर विसंबून न पुसताच ती आत सरकवली. फोटो धुरकट आले, आकडे वेडेवाकडे. "पहले मशीन तो ठीक कर लीजिए," म्हणत पाहुणे उठले ते उठलेच. मग तिनं प्लेट उजेडात वर धरली. डाग दिसल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माह्याच हाताचा असन वो. घाईत पुसाचंच राह्यलं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे, होते असं," म्हणाले. मी तिला माफ केलं, सर!

परवा ती परत चालली आहे. हे पत्र खरं तर तिलाच द्यायला हवं, तुम्हाला लिहून कुठं टाकणार? पण तिला कळलं तर ती लगेच मला माफ करेल, मी ओळखते तिला. आणि तेवढाही मोठेपणा मला तिला मिळू द्यायचा नाही.