दुखायचं थांबलं तेव्हा

अहो,

शीतगृहाचं दार अडकून तुम्ही आत राहिलात, त्या संध्याकाळी पांढरीफटक बोटं घेऊन घरी आलात. "आता दुखतच नाहीत," म्हणालात. "तुझ्या बोलण्यासारखं आहे हे, सवय झाली की लागत नाही." मी हसले, आणि डॉक्टरकडे जायचं राहिलं. पुढे बोटं काळी पडली, विष रक्तात भिनलं आणि तुम्ही गेलात.

परवा वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं. गोठलं की पेशींत बर्फाचे कण होतात, पेशी फुटतात, रक्त पोचत नाही. दुखतं तोवर मांस जिवंत असतं.

लेक फोनवर विचारते, "आई, बाबा गेल्याचं आता कमी दुखतं ना?" मी नाही म्हणते. ती काळजीत पडते. दुखायचं थांबेल याचीच मला भीती वाटते, हे तिला कसं सांगू?

तुमचीच,
मी