चौथ्या मजल्यावरची टोपली

बेटा प्रज्ञेश,

मी दुपारच्या एसटीनं गावी, सिद्धेश्वरला चाललोय. तुझ्यावर राग न्हाई. किल्ली शेजारच्या बाईंकडं ठेवली. पोटमाळ्यावरची माझी गादी गॅलरीत वाळत घातली, तेवढी आत घे.

सकाळी सवयीनं गॅलरीतून टोपली खाली सोडली अन् चार मजले उतरून गेलो. टोपलीत मेथी ठेवली, दोरी दोनदा हलवली अन् वर बघत उभा राहिलो. भाजीवाली म्हणाली, "काका, काकू घरी न्हाईत का?" तवा ध्यानात आलं, तुझ्या आईला जाऊन आज महिना झाला.

मी तसाच वर आलो. मेथी खालीच लटकून हाय. माझ्यानं दोरी ओढवली न्हाई. ड्यूटीवरून आलास की तू ओढून घे.

बाबा