दोरीवरच्या बासष्ट चादरी

तीर्थरूप आईस,
सोड्याने चिरलेल्या तुझ्या हातांना नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो.

राग मात्र आवरत नाही, म्हणून लिहिते. इथे हॉटेलात उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे आमची नगरपालिका कर घेते. त्यातूनच किनारा साफ होतो, गटारं उपसली जातात. दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या एक मावशी तो इमानाने भरतात. किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलवाल्याने मात्र वहीत लिहिलं होतं, काल फक्त चार पाहुणे.

तपासणीला गेलेली मी सरळ मागच्या अंगणात शिरले. दोरीवर बासष्ट चादरी वाळत होत्या. लॉजच्या चादरी धुताना तूच म्हणायचीस ना, मालक खोटं बोलेल, दोरी खोटं बोलणार नाही?

मालक हसला. "ताई, चादरी मोजायला पदवी घेतलीत का?"

"नाही, ते आईने शिकवलं."

संध्याकाळी आमचे साहेब म्हणाले, "पोरी, तू अजून कायम झालेली नाहीस. अहवालात चारच लिही."

मी बासष्ट चादरी लिहिल्या आणि खाली सही केली.

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना यातलं काही सांगू नकोस. ते अजून येईल त्याला माझा पदवीचा फोटो दाखवत असतील.

तू म्हणशील, नाकासमोर चालावं. नाकासमोर चालले म्हणूनच त्या अंगणात पोचले, आई. नोकरी गेलीच तर तुझ्या दोरीवर चादरी टाकायला आणखी दोन हात येतील. पण ते चार लिहिणार नाहीत.

तुझ्याकडूनच मोजायला शिकलेली,
थोरली